दक्षिणेचं दार

३ फेब्रुवारी
पोचले एकदाची! सायखेड्याच्या पुढे, द्राक्षबागांच्या मधोमध हे चर्च एवढंसं आहे की लांबून आधी घंटेची कमानच दिसते. फादर कुंदन यांनी स्वतः चहा केला. शेजारची खोली मला दिलीय. नाशिकच्या ऑफिसात नकाशे काढत बसण्यापेक्षा ही डागडुजी किती छान! भिंती काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या. वर सागवानी छत आणि कौलं. आराखडा परदेशी मिशनऱ्यांचा, पण दगड घडवले गावच्या पाथरवटांनी, म्हणून वेदीमागच्या खांबांवर चक्क कमळं आहेत.

५ फेब्रुवारी
गिलावा खरवडताना दक्षिणेच्या भिंतीत विटांनी बुजवलेलं दार सापडलं. बाहेर जाऊन पाहिलं, तर सलग दगड. दाराची खूणसुद्धा नाही. म्हणजे हे दार कधी कुठे उघडतच नव्हतं. असं कुणी का बांधेल? गवंडी गोटीराम यांनाही नवल वाटलं. त्यांची बायको साळूबाई चर्चची झाडलोट करते. ती जवळ यायला तयार नाही. तिची सासू सांगायची म्हणे, की मिस्सेला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, या दारातून माणसं येत, मागच्या बाकांवर बसत, आणि ती गावातली नसत. म्हणून गावानंच ते बुजवलं. गोटीराम हसले. पण विटा ओल्या आहेत, भिंत फुगलीय. उद्या काढा, मी सांगितलं.

६ फेब्रुवारी
विटांमागे दगड लागायला हवा होता. पोकळी लागली. गार हवा आली, धुपाचा वास आला. गोटीराम बॅटरी घेऊन आत शिरले. भिंत जेमतेम हातभर जाड. ते परत आले नाहीत. मी हाका मारल्या, बाहेरून भिंत ठोकली. नुसता दगड.

७ फेब्रुवारी
पोलीस येऊन गेले. त्यांनी उजेड टाकला तर भोकात दगडच दिसला. त्यांना वाटतं, माणूस घर सोडून गेला. साळूबाई दारासमोर बसून आहे. जेवत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार
मिस्सा चालू असताना मागची बाकं भरली. आत येताना कुणी दिसलं नाही. माणसं चुन्यानं पांढरी, माना खाली. त्यांत गोटीराम. साळूबाई धावली.
"अवं, घरी चला! आपली रूपाली वाट बघून ऱ्हायली."
त्यांनी तिला ओळखलं नाही. माणसं उठून दाराकडे निघाली. तिनं त्यांचा हात सोडला नाही.
"ताई, मी ह्यांना घेऊन येते. तवर बुजवू नका."
मी हो म्हटलं. ती गेली.

९ फेब्रुवारी
आता दारातली ती माणसं रविवारची वाट बघत नाहीत. सकाळी त्यांच्यातला एक शाळेच्या फाटकाशी उभा होता. भर उन्हात. पोरांना हात करत. फादर म्हणतात, बुजवा. मी साळूबाईला शब्द दिलाय—

१० फेब्रुवारी
शाळेतल्या पोरांसाठी शब्द मोडतेय. दुसरा गवंडी येईना. फादर चुना कालवतात, मी विटा रचते. थोड्याच राहिल्या. आतून तिचा आवाज—
"ताई, आले मी. हात द्या."
फादर ओरडले, देऊ नका. मी दिला.

त्याच दुपारी
हात तिचाच. हिरव्या बांगड्या. पण ओढवत नाही— मागून कितीजण तिला धरून— फादर माणसं आणायला गावात धावलेत. अजून कुणी नाही. डाव्या हातानं लिहितेय. माझं कोपर आत गेलंय. थंड—
फादर, दार बुजवा. माझ्यासाठी थांबू नका.
खांदा—
रूपालीला सांगा, तिच्या आईचा हात मी सोड—