मार्था मावशीचा घसा

पापडी, ९ सप्टेंबर २०२४

ती. दादास,
रेजिनाचा सा.न.

फोनवर आपण भांडतो, म्हणून लिहिते आहे. चर्चचं गायनमंडळ सोडावं म्हणते. सरावाला निम्मी माणसं येतात. क्लिफर्डची शिफ्ट असते, एलिसा मला मोबाईलवर चाल पाठवायला सांगते, म्हणे पोळ्या लाटता लाटता बसवीन. बिल्डिंगमधल्या नव्या बायका मनापासून गातात, पण त्यांना आपली जुनी गाणी ठाऊक नाहीत.

रविवारी मी घसा बसल्याचं सांगून मुद्दाम लोकांत बसले. माझ्यावाचून अडतं का, ते पाहायचं होतं. अडलं नाही. उलट छान गायले. हे चांगलं म्हणायचं की वाईट, तेच मला ठरवता येईना. आणि समोरून आणखी एक गोष्ट दिसली. पुढच्या खुर्चीवरची मार्था मावशी पदर सारखा करून घसा खाकरते, आणि सगळे श्वास घेऊन सुरू करतात. इतकी वर्षं मी सुरुवातीची खूण म्हणून हात वर करते आहे, तो कोणासाठी?

वहिनीला नमस्कार. माझ्यावर हसलास तरी माया पातळ करू नकोस.
तुझी रेजिना

बोळिंज, १६ सप्टेंबर २०२४

चि. रेजिनास,
अ.उ.आ.

हसलोच. तुला आत्ता कळलं? माझी पेटीसुद्धा म्हातारीच्या घशाची वाट बघायची. तिला एकदा सांगितलं, तर मलाच म्हणाली, की तिला खोकलाबिकला काही नाही, मी आपली पेटी नीट वाजवावी.

सोडायचं तर सोड. पण एक ऐक. कीबोर्ड आला तेव्हा मी पेटी उचलून निघालो. वाटलं, फाटकापर्यंत तरी कोणी मागे येईल. कोणी आलं नाही. ते वाईट नव्हते गं, त्यांना पुढचं गाणं सुरू करायचं होतं. तू फाटकाशी थांबू नकोस. आत राहा, नाहीतर सरळ घरी जा.

तब्येतीला जप, भावाची आठवण ठेव.
रुडॉल्फ

पापडी, २५ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
सा.न.

मार्था मावशीला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, वाचा गेली. माणसं ओळखते, डोळ्यांनी बोलते.

सरावाला आता निम्मे आधी सुरू करतात, निम्मे मागाहून, आणि सगळे एकमेकांकडे बघतात. क्लिफर्ड मला म्हणाला, की माझा हात त्याला दिसतो, पण विश्वास बसत नाही. मला राग यायला हवा होता. नाही आला. फादर म्हणतात, नाताळला जमलं नाही तर पुढे रेकॉर्ड केलेली गाणी लावू. सोडून जाणं मला सोपं होतं, दादा. हे असं संपताना पाहणं सोपं नाही. गायला ये. पेटी आण, नको आणूस, पण ये.

येण्याची वाट बघते. नाही म्हणालास तरी तुझीच,
रेजिना

पापडी, २७ डिसेंबर २०२४

ती. दादास,
सा.न.

नाताळची मिस्सा संपल्यावर गर्दीत तू निघून गेलास, म्हणून सांगायचं राहिलेलं लिहिते.

तू पुरुषांच्या मागच्या रांगेत होतास, तुला चेहरे दिसले नसतील. मी हात वर केला. कोणी सुरू केलं नाही. एलिसा मावशीच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. माझा हात तसाच, लोक वळून बघायला लागले. तेवढ्यात तू खोकलास, आणि सगळ्यांनी एकदम श्वास घेतला. नव्या बायकांनीसुद्धा. मीसुद्धा.

तो तुझा दमा, हे मला ठाऊक आहे. मुद्दाम केलंस असं वहिनीला सांगत फिरू नकोस.

काल मार्था मावशीला जाऊन सांगितलं. ती अर्ध्या ओठांनी हसली, आणि चांगला हात उचलून हळूच पदर सारखा केला.

जानेवारीत सराव शनिवारी संध्याकाळी. मी हात वर करीन, सवय आहे. खोकल्याला औषध घे, पण ईस्टर झाल्यावर.

तुझ्या लोभातली,
रेजिना