चार बंदरांची पोस्टकार्डं

दि. ६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईच्या आठवणींची पुस्तिका काढायची दुर्बुद्धी मला कुठून सुचली कोण जाणे. एक्क्याण्णव वर्षांचं आयुष्य, आणि शाळेतून निवृत्त झाल्यापासून पायाला नुसती भिंगरी! मावशी म्हणते ती वाळवंटात दोनदा गेली, मामा म्हणतात एकदाच. दोघंही रोज मला फोन करून एकमेकांची अक्कल काढतात. भूगोलाच्या बाईंची आपण मुलं, आणि नकाशावर तिचा प्रवास धड काढता येत नाही.

तुझं पान तेवढं बाकी आहे. रविवारी, वीस तारखेला सगळे जमणार आहेत. तूही ये, उगाच भाव खाऊ नकोस.

पुस्तिका छापून होईपर्यंत तरी लोभ टिकव.

तुझा,
धाकटा

दि. ९ मार्च

चि. धाकट्यास,
लायकी नसताना अनेक आशीर्वाद.

पान पाठवणार नाही, येणारही नाही. माझं पहिलं बाळंतपण, ब्लडप्रेशर चढलेलं, डॉक्टरांनी अंथरुणातून हलायचं नाही म्हणून बजावलेलं. माझ्याकडे येते म्हणालेल्या आपल्या मातोश्री ऐन वेळी कुठे? तर बोटीवर! चार बंदरांतून चार पोस्टकार्डं आली. समुद्र शांत आहे, काळजी घे. मी टराटरा फाडली ती. नात दोन महिन्यांची झाल्यावर आली, तेव्हा बाळाला उचलूनसुद्धा घेतलं नाही. एकतीस वर्षं मी तिच्याशी कामापुरतं बोलले. हे छापतोस का?

तुझ्या बायकोच्या गुडघ्याला आराम पडला का, ते कळव. तिच्यावर माझा राग नाही.

तुझी,
ताई

दि. १२ मार्च

ती. ताईस,
सा. न.

तुझ्या हट्टापुढे हात टेकले, म्हणून आईला दिलेला शब्द मोडतो. तिच्या पासपोर्टावर त्या वर्षीचा एकही शिक्का नाही. तुझ्याकडे यायचं म्हणून तिनं सहल केव्हाच रद्द केली होती. मग छातीत गाठ निघाली. डाव्या बाजूचं मोठं ऑपरेशन झालं. हे कळलं असतं तर तुझं प्रेशर आणखी चढलं असतं. म्हणून दवाखान्यातल्या खाटेवर अ‍ॅटलास उघडून तिनं चार कार्डं लिहिली. शाळेतल्या चित्रकलेच्या बाई त्या सहलीला निघाल्या होत्या, त्यांनी ती बंदराबंदरात टाकली.

आता तरी सांग, असं मी कितीदा म्हटलं. तर म्हणायची, तेव्हा ती घाबरण्यापेक्षा रागावलेली बरी होती, आणि आता सांगितलं तर स्वतःला खात बसेल.

चुकलो. क्षमा असावी.

तुझा,
धाकटा

दि. १५ मार्च

धाकट्या,
आशीर्वाद आज मिळणार नाहीत.

एकतीस वर्षं! दर खेपेला मी तिला घालूनपाडून बोलायची आणि तू शेजारी बसून वर्तमानपत्र वाचायचास. शब्द दिला म्हणे! बाळाला घेतलं नाही म्हणून मी तिला जिव्हारी लागेल असं बोलले, आणि तिनं खाली मान घालून ऐकून घेतलं. हात वर जात नव्हता, एवढं तरी कुणी म्हणावं की नाही? तीही तसलीच, आणि तूही तसलाच.

रविवारी येते. पान लिहून आणते, त्यातला एक शब्द कापलास तर याद राख. इतकी वर्षं निदान तिच्यावरचा राग तरी माझ्याजवळ होता. आता रागावता येत नाही, आणि जाऊन गळ्यात पडावं तर ती नाही. म्हणून तुझ्यावर ओरडते आहे. ऐकून घे.

ताई