पप्पांच्या दुधाचा पेला

जालना
५ फेब्रुवारी २०२५

ती. उषाआत्यास,
शारोनचा सा. न. वि. वि. आणि जय ख्रिस्त.

आत्या, फोन केला की तुझ्या कानातलं मशीन शिट्टी मारतं आणि तू प्रत्येक वाक्याला जेवलीस का एवढंच विचारतेस. म्हणून पत्र. आपल्या गल्लीतले बद्रीनाथ काका रोज बसनं अंबडच्या कोर्टात नोकरीला जातात, तेच आणून देतील. त्यांना चहा पाज, न्हाईतर उत्तर आणणार नाही अशी धमकी दिलीय त्यांनी.

पप्पांच्या बायपासची तारीख आली. बुधवारी, बारा तारखेला, संभाजीनगरला. शुगरमुळे रिस्क जास्त आहे म्हणाले डॉक्टर. पप्पा गॅरेजमध्ये सगळ्यांना असं सांगून राह्यले जसं काही कुणाच्या तरी रिक्षाचं इंजिन खोलायचंय.

पण आत्या, मला ऑपरेशनची भीती कमी आणि त्याच्या नंतरची जास्त आहे. मम्मी गेल्यापासून पप्पांनी प्रभुभोजन घेतलेलं नाही. चर्चला येतात, शेवटच्या बाकावर बसतात, भाकरीच्या तुकड्यांचं ताट आणि द्राक्षरस आला की हात न लावता पुढे सरकवतात. घरी प्रार्थनाही बंद. मम्मी आजारी होती तेव्हा सगळे म्हणायचे विश्वास ठेवा, ती उठेल. ती उठली नाही. मंग माझाच विश्वास कमी पडला ना, असं एकदा पप्पा म्हणाले होते.

नाताळच्या सुट्टीत मी यूथ कॅम्पला गेल्ते. तिथल्या दादांनी एकदम क्लिअर सांगितलं. कृपा देव सगळ्यांनाच देतो, पण ती हात पुढे करून घ्यावी लागते. कुरियरवाला दारात पार्सल घेऊन आला तरी सही आपल्यालाच करावी लागते. सही नाही तर तारण नाही, स्वर्ग नाही. तेव्हा मला ते इतकं आवडलं की मी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. आता झोप उडालीय. पप्पा सही करत नाहीयेत, आत्या. भूल दिली आणि ते उठलेच नाहीत तर? मम्मी एकीकडे, पप्पा दुसरीकडे, आणि मी मेल्यावर दोघांपैकी एकालाच भेटणार का?

जल्दी लिही. तुझा लोभ मोठा आहे, त्यातला थोडा पत्रात घालून पाठव.

तुझी,
शारोन


अंबड
६ फेब्रुवारी

चि. शारोन हिस उषाआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. बद्रीनाथनं चहा पिला, वरून चिवडा मागून घेतला. माझा पाय प्लॅस्टरमध्ये नसता तर मीच आले असते.

तुझ्या त्या दादाला विचार, जन्माला येताना त्यानं कुठं सही केल्ती? तुझा बाप जेमतेम आठवड्याचा असताना काविळीनं हळदीसारखा पिवळा झाल्ता. जगत न्हाई म्हणून आमच्या बापूनं पाळकसाहेबांना घरीच बोलावून बाप्तिस्मा उरकून घेतला. कपाळावर पाणी पडलं तसा तुझा बाप राजानंद असा बोंबलला, आणि लाथ मारून पितळेची वाटीच पाडली. सगळं पाणी पाळकसाहेबांच्या कोटावर. म्हणजे त्यानं तर तेव्हाच नको म्हटलं होतं! तरी देवानं धरलाच ना त्याला? कृपा परवानगी मागत बसत न्हाई पोरी. इतकी वर्षं मी नर्सगिरी केली. बेशुद्ध माणसाला सलाईन लावताना कुणी विचारतं का, बाबा घेतोस का म्हणून?

तुझा बाप रुसलाय. रुसायला तरी समोर कुणीतरी लागतंच, एवढं ध्यानात ठेव. त्याला बिलकुल टोकू नको. दूध वेळेवर दे, गोळ्या बराबर दे आणि तू झोप.

माझा जीव तुमच्यातच अडकलाय, तिकडची ख्यालीखुशाली कळवत राहा.

तुझी,
उषाआत्या


जालना
१० फेब्रुवारी, सोमवार, सकाळ

ती. उषाआत्यास,
शारोनचा सा. न. वि. वि.

आत्या, माझ्याकडून काहीतरी भयंकर झालंय. हे पत्र वाचलं की लगेच फाड. बद्रीनाथ काकांना सांगितलंय, आज संध्याकाळी उत्तर घेतल्याशिवाय परत यायचं नाही.

काल प्रभुभोजनाची तयारी आपल्या घराकडे होती. कडवंची गावची काळी द्राक्षं आणून रस मीच उकळला, पावाचे तुकडे मीच कापले. उपासना झाल्यावर उरलेलं पाळकसाहेब आणि चर्चचे पंच तिथेच संपवतात. घरी न्यायचं नसतं, हे मला लहानपणापासून माहितीय. तरी मी एक तुकडा रुमालात बांधला, आणि थोडा रस खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरला.

संध्याकाळी पप्पांच्या दुधाच्या पेल्यात मी तो पाव कुस्करला आणि रस ओतला. तूच लिहिलं होतंस ना, सलाईन लावताना कुणी विचारत नाही. मला वाटलं पप्पा हात पुढे करत नसतील तर नको करू देत, मी आत पोचवते.

दूध फाटलं. जांभळट गुठळ्या झाल्या. मी बघतच राहिले, आणि तेवढ्यात पप्पांनी पेला उचलला. चहावर साय आली तरी परत पाठवणारा माणूस, आत्या, पण ते सगळं प्यायले. पेला स्वतःच विसळून पालथा घातला आणि बातम्या बघायला गेले.

मी खूश झाले. थोडाच वेळ. मंग आठवलं, पाळकसाहेब दर वेळी ताट फिरवण्याआधी इशारा देतात, की स्वतःला न तपासता, अयोग्यपणे जो हे खातो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो. पप्पा म्हणूनच तर ताट सरकवत होते ना? खोटं खायचं नाही म्हणून. आणि मी त्यांना फसवून खाऊ घातलं. चोरून आणलेलं.

आज सकाळी त्यांच्या छातीत दुखलं. गॅस आहे म्हणाले. उद्या ॲडमिट व्हायचंय. आत्या, मी पप्पांना कृपा पाजली का दंड पाजला?

लोभ काढून घेऊ नको, एवढंच मागते.

शारोन


अंबड
१० फेब्रुवारी, संध्याकाळ

चि. शारोन,
आशीर्वाद.

बद्रीनाथ दारात उभा आहे, बस सुटंल म्हणून घाई करून राह्यला. अक्षर समजून घे.

मी लिहिलं ते देवाबद्दल लिहिलं होतं, तुझ्याबद्दल न्हाई. आणि माझं सलाईनचं बोलणं अर्धंच होतं. बेशुद्ध माणसाला विचारत न्हाईत हे खरं. पण शुद्धीतला माणूस नको म्हणाला तर आम्ही सुई ट्रेमध्ये ठेवून द्यायचो आणि त्याच्या खाटेशी बसून राहायचो. तुझा बाप शुद्धीत आहे.

दंड लागतो का न्हाई, मला ठाऊक न्हाई. तुला धीर द्यायला खोटं कशाला लिहू? ज्याला ठाऊकच न्हाई त्याला कसा लागंल, असं माझं मन म्हणतं. लागायचाच असंल तर तुला आणि मला लागू दे, कारण खाऊ घातलं तू आणि शिकवलं मी. आज दुपारपासून मी तेच मागून राह्यले. मलाही भ्या वाटतंय पोरी.

पण एक ऐक. त्याला अंधारात ठेवून आत पाठवू नको. सांगून टाक. शिव्या घालंल, घालू दे. तुझं तोंड बघणार न्हाई म्हणंल, म्हणू दे. हो म्हणायचं का न्हाई, ते त्याचं त्याला परत दे. त्याचं ते हो-न्हाई तू उचलून घेतलंस, रुमालातल्या तुकड्यापेक्षा तीच चोरी मोठी.

आणि दुधात द्राक्षाचा रस? एवढी इंग्रजी शाळा शिकवली, दूध कशानं फाटतं ते कुणी शिकवलं न्हाई का?

लोभ कुठं काढून घेत असतात का, वेडे.

उषाआत्या


संभाजीनगर
१२ फेब्रुवारी, बुधवार

ती. उषाआत्यास,
शारोनचा सा. न. वि. वि.

ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बाकावर बसून लिहिते. बद्रीनाथ काका रजा टाकून आलेत, पत्र तेच आणतील. पप्पांना आत नेलंय. दारावरचा दिवा लाल आहे.

काल गाडीत सांगणार होते, जमलं नाही. वॉर्डात सांगणार होते, तर शेजारच्या खाटेशी बसलेल्या फरजानाचाची त्यांच्या अब्बूंसाठी दुआ मागत होत्या, आणि पप्पांनी मला हळूच खुणावलं की आवाज करू नको. आज सकाळी स्ट्रेचर आलं तेव्हा बोलले. रडत, अर्धं इंग्लिशमध्ये, लिफ्टची वाट बघताना. वॉर्डबॉय दुसरीकडे बघत उभा होता.

पप्पा म्हणाले की त्यांना पहिल्याच घोटाला कळलं होतं. बापू चर्चचे शिपाई होते, लहानपणी दर महिन्याला हा रस तुम्हा भावंडांच्या घरच्याच चुलीवर उकळायचा, तो वास मेल्यावरही विसरणार नाही म्हणाले. मी विचारलं, मंग का प्यायलात? तर म्हणाले, ताट चर्चमध्ये पुढे सरकवता येतं, बाजूला कुणीतरी बसलेलं असतं. घरात बाजूला कोणीच नव्हतं. समोर मी होते, आणि माझा चेहरा असा होता की पेला माघारी द्यायला त्यांचा हातच उठला नाही.

मी विचारलं, म्हणजे देवाशी समेट झाला का? न्हाई म्हणाले, स्पष्ट. मम्मीचा हिशोब अजून बाकी आहे, तो समोरासमोर विचारणार आहेत. फक्त पेला परत पाठवला नाही, एवढंच. मी त्यांच्या नावावर काही जास्तीचं लिहू नये, म्हणाले.

मंग लिफ्ट आली. आत ढकलताना त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं आता रागावतील. म्हणाले, पुढच्या वेळी दूध घालू नको.

आत्या, आता मला कॅम्पमधलं काहीच सांगता येत नाहीये. सही त्यांनी केली, का त्यांच्याकडून करून घेतली गेली, का माझ्याच हातून काही बिघडलं, काही कळत नाही. आतून नर्स बाहेर आली की मी उभी राहते, आणि ती दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारते.

दिवा अजून लालच आहे. पण पुढच्या वेळी म्हणाले ते, आत्या. पुढच्या वेळी.

तुझा लोभ आज जरा जास्त लागेल.

तुझी,
शारोन