मामाच्या हॉटेलची तपासणी

माय, सौसरच्या मामाचं हॉटेल मी बंद करायला लावलं. हे तुला कोणीतरी सांगायला हवं, आणि माझ्याशिवाय सांगणारं आता कोणी उरलेलं नाही. तू गेलीस तेव्हा मी शिकत होते, त्यामुळे मला नोकरी कसली लागली हेही तुला ठाऊक नाही. मी फूड इन्स्पेक्टर झाले. कागदावर मोठं नाव आहे, खाद्य सुरक्षा अधिकारी, पण पांढुर्ण्यापासून सौसरपर्यंत सगळे इन्स्पेक्टर मॅडमच म्हणतात. लोकांच्या स्वयंपाकघरात शिरायचं, डबे उघडायचे, तेलाचा रंग पाहायचा, नमुने सील करून भोपाळला पाठवायचे, आणि समोरच्यानं चहा विचारला की नको म्हणायचं. तू असतीस तर हसली असतीस. हेच काम तू घरात रोज करायचीस आणि लोक तुला शंकेखोर म्हणायचे.

मला आपलं पांढुर्ण्याचं स्वयंपाकघर आठवतं. दूधवाला दारात उभा आहे आणि तू त्याच्या देखत दुधाचा थेंब फरशीवर सोडून तो कसा ओघळतो ते पाहते आहेस. तो कंटाळून दुसरीकडे बघतो. हळद तू चिमटीत चोळायचीस, सणासुदीला बाजारचा खवा घरात येऊ द्यायची नाहीस, कोणाकडून वाटीत भाजी आली तर आधी झाकण काढून वास घ्यायचीस, तेही देणारी बाई अजून उंबऱ्यात असताना. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी मैत्रिणींबरोबर गाड्यावरची जिलेबी खाल्ली, तेव्हा तू भर रस्त्यात माझा दंड धरून मला नालीकडे नेलंस आणि थुंकायला लावलंस. "तोंडात टाकाच्या आधी पाह्यत जाय," म्हणालीस. मैत्रिणी पाहत होत्या. घरी आल्यावर मी रुसून कोपऱ्यात बसले, तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं तू सांगितलंस की तिगावला तुझा पाठचा भाऊ लग्नाच्या पंगतीतली बासुंदी खाऊन गेला. सकाळी खेळत होता, दुसऱ्या सकाळी नव्हता. एवढं बोलून तू कणीक मळायला घेतलीस. 

मामा हा त्याच भावाचा खेळगडी, शेजारच्या घरातला. भाऊ गेल्यावरच्या राखीला तू त्याच्या हाताला राखी बांधलीस आणि मग कधी चुकवली नाहीस. त्यानं सौसरच्या रस्त्यावर हॉटेल टाकलं, टिनाखाली दोन बाकं आणि एक भट्टी. आपण जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जायचो तेव्हा परतताना तिथंच थांबायचो. मामा स्वतः ताट घेऊन येतो, पाटोडीचा रस्सा, भात, वर कच्चं तेल. आणि तू, जगातल्या कोणत्याही भांड्यात नाक घालणारी तू, खाली मान घालून जेवतेस. वास घेत नाहीस, भट्टीकडे फिरकत नाहीस. मी लहान होते तरी मला नवल वाटायचं. मला वाटायचं, बघा, भरवसा म्हणतात तो हाच.

आता ते हॉटेल तू ओळखणार नाहीस. समोर काचा लागल्या, आत थंड हवा, शनिवारी-मंगळवारी दर्शनाच्या गाड्या बाहेर रांगेनं उभ्या. गल्ल्यामागच्या भिंतीवर स्वच्छतेचं प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं. पांढुर्णा जिल्हा झाला, मी बदली मागून इकडं आले, आणि सौसरही माझ्याकडेच आलं. मामाच्या हॉटेलची तपासणी मी दर वेळी केली आणि दर वेळी लिहिलं, समाधानकारक. तसं होतंच. फरशी लख्ख, टोप्या घातलेले आचारी, फ्रिजमध्ये प्रत्येक डब्यावर तारखेची चिठ्ठी. मला अभिमान वाटायचा. दुसऱ्या हॉटेलवाल्यांना मी सांगायचे, जरा तिकडं जाऊन पाहून या.

मग एका शनिवारी बोरगावकडच्या बायका दर्शनाला आल्या आणि संध्याकाळपासून त्यांना उलट्या-जुलाब सुरू झाले. रविवारी मी दवाखान्यात गेले. एक म्हातारी सलाईन लावून पडली होती, डोळे आत गेलेले, ओठ कोरडे. डॉक्टर म्हणाले, पाणी फार गेलंय, आजची रात्र पाहू. तिची सून पायाशी बसली होती. तिनं सांगितलं, "कोनाचं नाव घ्याव मॅडम? देवळापाशी फराळ केला, मंग रस प्यालो, मंग काचेच्या हॉटेलात जेवलो." मी विचारलं, जेवण कसं होतं? ती म्हणाली, "पनीर जरासक आंबट लागलं. पन एवढं चांगलं हॉटेल, टाकून कसं द्याव? बुढीनं तं माह्या वाटचंही खाल्लं."

मी देवळापाशी गेले, रसवाल्याकडे गेले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मामाकडे. तिथं सगळं नेहमीसारखं चकचकीत. पण या वेळी मला ते चकचकीत असणंच टोचलं. आचाऱ्यांच्या टोप्यांना घड्यांच्या रेघा होत्या, जशा आत्ताच पाकिटातून काढाव्यात. जेवणाची वेळ, बाहेर सगळी टेबलं भरलेली, वाफाळती ताटं जाताहेत, आणि मोठ्या भट्टीमागच्या भिंतीला मी हात लावला तर भिंत गार. मामा म्हणाला, "भाजी सकायीच होते बाई, गरम करून देतो फक्त." मी मान हलवली. पुन्हा लिहिलं, त्रुटी आढळली नाही. दुसरं काय लिहिणार होते?

परतताना गाडीत माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, यांना खबर लागते. मी येणार हे यांना आधी कळतं. आणि मी कुठं जाणार हे आदल्या दिवशी कळणारा माणूस एकच, गाडीचा ड्रायव्हर. तो सतत फोनवर असतो, माझ्यासमोर बोलत नाही, लांब जाऊन बोलतो. सौसरला पोचलो की गाडी लावून चहाच्या टपरीवर दिसेनासा होतो. मी त्याच्याशी बोलणं कमी केलं. मग ऑफिसातल्या बाबूवर संशय आला, तो सौसरचाच. मग हॉटेलशेजारच्या पानठेल्यावर. त्या दिवसांत मी कोणाकडे सरळ पाहिलं नाही. तुझं रक्त आहे, माय.

पुढच्या मंगळवारी मी कोणाला काही सांगितलं नाही. घरून निघून खासगी बस पकडली, सौसरच्या अलीकडे उतरले आणि संत्र्याच्या बगीच्यामधल्या पायवाटेनं हॉटेलच्या मागच्या अंगाला निघाले. झाडांखाली सडकी संत्री पडलेली, त्यांचा आंबूस वास. त्यात हळूहळू दुसरा वास मिसळला, करपलेल्या तेलाचा. पुढं पत्र्याचं शेड होतं. खरं स्वयंपाकघर ते. कढईतलं तेल डांबरासारखं, रस्सा प्लास्टिकच्या ड्रममध्ये, पनीर परातीत उघडं आणि त्यावर माश्या बसलेल्या. कालचा भात पोत्यावर पसरला होता. विहिरीशी म्हशी बांधलेल्या, आणि त्याच विहिरीचा पाइप शेडात आलेला. शेडातून हॉटेलच्या सामानाच्या खोलीत दार होतं. मी आजवर त्या खोलीला कुलूपच पाहिलं होतं.

आचारी मला पाहून उभे राहिले, कोणी पळालं नाही. एकानं आत जाऊन मामाला आणलं. मामा पांढऱ्या बंडीत आला, मला पाहिलं, आणि सगळ्यात आधी म्हणाला, "जेवली का?"

"मामा, हे काय आहे?"

"गर्दी वाढली बाई. आतल्या किचनात एवढं होते का? तूच सांग." मग आवाज खाली आणून, "तुह्या मायनं कदी माह्या भांड्यात पाह्यलं नाई. तिनं भरोसा केला माह्यावर."

"एक बुढी दवाखान्यात पडून आहे."

"ते काय माह्याच घरचं खाऊन?"

मी ऑफिसला फोन केला, गाडी मागवली. ती येईपर्यंत मामी पण आली. तिच्या हातचं मी किती वेळा जेवले, ते तिनं बोलून दाखवलं नाही, नुसती पदर तोंडाला लावून उभी होती. गाडी आली. ड्रायव्हर नमुन्यांची पेटी घेऊन उतरला आणि माझा तोल गेला. सगळ्यांसमोर मी मामाला विचारलं, "मी यायच्या आधी तुम्हाला कळवायचं कोण? हाच ना?"

ड्रायव्हर पेटी धरून तसाच उभा राहिला. मामा जमिनीकडे पाहत होता. बोलली ती मामी. "त्या बिचाऱ्याले काहून बोलून राहिली? तूच तं फोन करते. मामी, उद्या मी सौसरले येऊन राहिली, मनते. मंग हे रातभर धुतात."

खरं होतं. दर वेळी आदल्या संध्याकाळी मी मामीला फोन करायचे. घरचं माणूस म्हणून. येते आहे, काही आणू का पांढुर्ण्याहून, गुडघा कसा आहे. मामी म्हणायची, ये बाई, दोन घास खाऊन जाशीन. त्या म्हातारीला दवाखान्यात पाहून आले त्या संध्याकाळीसुद्धा मी फोन केला होता.

पंचनामा केला. टेकायला काही नव्हतं म्हणून ड्रायव्हरनं कागदाखाली पेटी धरली. नमुने गेले, अहवाल वर पाठवला, लायसन्स निलंबित झालं, काचेच्या दाराला नोटीस लागली. म्हातारी वाचली. मी तिला पाहायला गेले तेव्हा ती बसून लाह्या खात होती आणि मी कोण हे तिला कळलं नाही. ड्रायव्हरची माफी मागितली, तर तो "चालते मॅडम" एवढंच म्हणाला. तेव्हापासून तो आपला फोन गाडीत समोर, मला दिसेल असा ठेवतो. बोलायचं झालं तर माझ्याशेजारी उभा राहून बोलतो. मी नको म्हटलं तरी ऐकत नाही.

आता मला तुला विचारायचं आहे. तू कधी उठून भट्टीकडे का गेली नाहीस? इतकी वर्षं मी समजत होते की तुझा भरवसा होता. आता वाटतं, तुला माहीत होतं. मागची विहीर तेव्हाही होती, तुला ती दिसत होती, म्हशी दिसत होत्या, टिनामागून येणारा वास तुझ्या नाकाला कळला नाही हे मी मानणार नाही. एक भाऊ पंगतीत गेलेला, दुसरा तू स्वतः राखी बांधून मिळवलेला, आणि त्याच्या भांड्यात पाहिलं असतं तर तोही गेला असता. म्हणून मान खाली घालून जेवलीस. मलाही जेवू घातलंस. हे मी तुझ्यावर उगाच लादते आहे का? असेल. पण मग मी फोन का करत होते? गुडघ्याची चौकशी दुसऱ्या दिवशीही करता आली असती.

मामानं शेड पाडलं असं ऐकते. नळ घेतला, आतलं किचन वाढवलं, पुन्हा अर्ज केला. बोरगावच्या एका लग्नात मामी भेटली, तिनं मला पाहून खुर्ची बदलली. मी ऑफिसात लिहून दिलं की नातं आहे, ही तपासणी दुसऱ्या कोणाकडे द्या. साहेबांनी शाबासकी दिली. छिंदवाड्याहून एक नवा अधिकारी येणार असं ठरलं, आणि तो आज येणार हे अर्थातच मला आधीच माहीत होतं.

काल संध्याकाळी मी मामीला फोन केला. लग्नातला अबोला मनाला लागला होता, म्हणून केला असं मी स्वतःला सांगितलं. तिनं उचलला.  मी गुडघ्याचं विचारलं, ती म्हणाली, बरा आहे. मग हळूच म्हणाली, "उद्या कोनी येऊन राह्यलं का बाई?"

मी फोन ठेवून दिला. हे पत्र जवळ ठेवायची सोय नाही, कोणाच्या हाती लागलं तर माझी नोकरी जाईल. लिहून झालं की फाडणार आहे. तुला एवढंच सांगते माय, मी तिला हो म्हटलं नाही. पण नाही असंही म्हटलं नाही.