दोन वाजेपर्यंत ढब्बू तुझ्याकडे

ड्रायव्हरसाहेब,

उठल्यावर शोधू नकोस, मी चष्मा दुरुस्त करायला गेलेय. काडी दोऱ्याने बांधून महिना झाला. ढब्बू तुझ्याशेजारी भिंतीकडेला झोपलाय. दूध फ्रीजमध्ये आहे, बाटली गरम पाण्यात धर आणि आधी मनगटावर थेंब टाकून बघ.

मी दिसले नाही की तो रडेल. लगेच फोन करू नकोस. काल तू जिभेने इंडिकेटरची टिकटिक केलीस, तेव्हा रडायचं विसरून तो तुझ्या तोंडाकडे बघत बसला होता. तेच कर. तो तुझ्याकडे टिकत नाही, यात माझाही हात आहे. त्याने जरा ओठ काढला की मीच झडप घालून घेते. मग त्याला बापाची सवय लागणार कशी?

सकाळी मालकांचा फोन आला होता, आज संध्याकाळीच गाडी काढशील का म्हणून. तू गाढ झोपला होतास. मीच सांगून टाकलं, ठरल्याप्रमाणे परवाच निघेल. "बरं बाई, राहू दे त्याला घरी," म्हणाले. तुला न विचारता बोलले, रागावू नकोस. आमच्यासाठी तू लांबच्या खेपा सोडल्यास, आता आठवड्याला तीन दिवस घरी असतोस. त्यातला अर्धा दिवसही कुणाला द्यायला माझं मन होत नाही.

चष्मा बारालाच मिळेल. तरी मी दोनला येईन. दुकानासमोरच्या बाकावर बसून राहीन, पण आधी येणार नाही.