प्रेझेंटर मीच

४ ऑगस्ट, सकाळी
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. हॉस्पिटलच्या टोकन मशीनमध्ये कुठला प्रिंटर बसवायचा ते तुम्ही ठरवा, म्हणाले. पेशंट स्क्रीनवर बोट ठेवणार, खालून नंबरची चिठ्ठी येणार. एवढंच काम. मागच्या मशीनची स्क्रीन मी जरा उंच लावली होती, ते साहेब अजून विसरलेले नाहीत. हेही जमलं नाही तर घरी बसा, म्हणाले. हसत म्हणाले. पण साहेब रजा नाकारतानाही हसतात.
संकल्प: प्रिंटरची माहितीपुस्तिका अक्षर न् अक्षर वाचणे.

४ ऑगस्ट, संध्याकाळी
चार पानं झाली. डोळे चुरचुरतात. पाचवं उद्या.
हिला सांगितलं, प्रोजेक्ट हेड झालो. म्हणजे होणारच आहे. हिने लगेच सासूबाईंना फोन लावला. आता नापास होऊन चालायचं नाही.

६ ऑगस्ट
टेबलावर दोन प्रिंटर. थोरला आणि धाकटा. थोरला ओबडधोबड, तोंडाशी कसलासा जबडा. धाकटा कसा सुबक! बटण दाबलं, चिठ्ठी आली, कटर खट्कन वाजला. बघताक्षणी मन बसलं.
खरेदी खात्यातल्या बाई आल्या. सगळं ऑफिस त्यांना शंकाबाई म्हणतं. म्हणजे मी म्हणतो. विचारायला लागल्या, सर, प्रेझेंटर नको का?
आलं लक्षात! हॉस्पिटलवाल्यांपुढे मशीनचं प्रेझेंटेशन कोण करणार, त्यावर डोळा. मी शांतपणे सांगितलं, प्रेझेंटर मी आहे. बघतच राहिल्या.
पाचवं पान राहिलं. प्रिंटर हातात असताना वाचायचं कशाला?

७ ऑगस्ट
शंकाबाई पुन्हा हजर. म्हणाल्या, लोक घाईत असतात सर, प्रेझेंटर असलेला बरा. मी म्हणालो, घाईतल्या लोकांना सांभाळायचं मला चांगलं जमतं. तर म्हणाल्या, थोरल्याबरोबर प्रेझेंटर येतो, धाकट्याबरोबर येत नाही.
असं आहे होय! म्हणजे थोरल्याची कंपनी स्वतःचा माणूस पाठवणार, तो टाय लावून बोलणार, आणि मी मागे वायर धरून उभा! थोरला कट. कायमचा कट.

१० ऑगस्ट, रविवार
धाकटा घरी आणला. हिला किराण्याची यादी छापून दिली. हिने कौतुकाने शेगडीमागच्या टाइल्सवर चिकटवली. अर्ध्या तासात कागद काळाकुट्ट. उष्णतेने होतं तसं, चौथ्या पानावर असावं. ही म्हणाली, हॉस्पिटलात कुठे शेगडी असते, तुम्ही नका घाबरू. माझ्यापेक्षा हिलाच जास्त खात्री आहे.

१२ ऑगस्ट
शंकाबाईंना म्हणे लेखी हवं. देऊन टाकलं: "धाकटा मंजूर. प्रेझेंटरची गरज नाही, मी आहे." खाली झोकात सही ठोकली. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की ना सर?

२१ ऑगस्ट
सगळ्या मशीनमध्ये धाकटे बसले. परतीची सोय नाही, विकत घेतले ते घेतले. परवा हॉस्पिटलात डेमो. पाचवं पान वाचावं का? आता वाचून तरी काय उपयोग, झाली तर भीतीच व्हायची.

२३ ऑगस्ट, दुपारी
डेमो झाला.

२३ ऑगस्ट, संध्याकाळी
लिहवत नाही. तरी लिहितो.
मी सुरेख बोललो. स्वतः चिठ्ठी काढून दाखवली. टाळ्या. मग हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरीणबाई पुढे आल्या. चिठ्ठीचं टोक दिसल्याबरोबर त्यांनी ओढलं. कटरने अजून कापलं नव्हतं. कागद फाटला, बोळा झाला, आत अडकला. मी हसून दुसऱ्या मशीनकडे नेलं. तिथे वॉर्डबॉयने ओढलं. तिसऱ्यावर खुद्द साहेबांनी. माणूस आहे, चिठ्ठी दिसली की ओढणारच, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं.
साहेबांनी हळू आवाजात विचारलं, यात प्रेझेंटर कुठाय?
मी हात वर केला.
मग शंकाबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं. प्रेझेंटर म्हणजे थोरल्याचा तो जबडा. चिठ्ठी पुरती कापून होईपर्यंत आत धरून ठेवतो, मग अलगद पुढे करतो. पाचव्या पानावर आहे, म्हणाल्या. चित्रासकट.
धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. टाइल्स होत्या.

२४ ऑगस्ट
पाचवं पान वाचलं. चित्र चांगलं आहे.
घरी काय सांगू? हिने सासूबाईंना सांगितलंय, सासूबाईंनी त्यांच्या अख्ख्या बिल्डिंगला. जेवण जात नाही. ही म्हणते, कामाचं टेन्शन असेल. हो म्हटलं.

२५ ऑगस्ट
साहेबांचे पाय धरायचेच बाकी ठेवले. नोकरी तूर्त वाचली! थोरले प्रिंटर यायला वेळ आहे आणि हॉस्पिटल थांबायला तयार नाही. तोवर मशीनजवळ कुणीतरी उभं राहायचं, चिठ्ठी दोन बोटांत धरायची, कटर वाजला की पेशंटच्या हातात द्यायची. साहेब म्हणाले, तुम्ही तसं लेखी दिलंच आहे. हसत म्हणाले.
एका अर्थी माझंच म्हणणं खरं ठरलं. हिला सांगितलं, हॉस्पिटलात मुख्य सल्लागार म्हणून बसवलंय.

२८ ऑगस्ट
बसायला स्टूल नाही. पाय दुखतात. चिठ्ठी धरली की लोक माझं बोटही ओढतात. एका आजोबांनी विचारलं, मशीन आहे तर तुम्ही कशाला? मी पुढच्याची चिठ्ठी धरली.
संकल्प: उद्यापासून टाय लावणे.

२ सप्टेंबर
रोल बदलताना टाय कागदाबरोबर आत गेला. संकल्प रद्द.

५ सप्टेंबर
सकाळी रांगेत सासूबाई. गुडघा दाखवायला आल्या होत्या. बरोबर ही. मी मशीनमागे लपायला गेलो, पण मशीन भिंतीला चिकटून आहे.
सासूबाईंनी मला बघितलं आणि रांगेला मोठ्याने सांगितलं, हे आमचे जावई, हे सगळं यांच्याच हाताखाली चालतं. असं म्हणत त्यांनी चिठ्ठी ओढली. बोळा. रांग ओरडायला लागली. मी गुडघे टेकून झाकण उघडलं, चिमट्याने कागद काढायला लागलो. सासूबाई म्हणाल्या, अहो जावईबापू, तुम्ही कशाला खाली बसता, तुमच्या माणसाला बोलवा की! मी म्हणालो, तो चहाला गेलाय.
कागद निघाल्यावर हिने स्क्रीनवर बोट ठेवलं. चिठ्ठीचं टोक दिसलं तरी हात पुढे केला नाही. कटर वाजला, मी चिठ्ठी दिली, मग तिने घेतली. इतक्या दिवसांत न ओढणारी ही पहिलीच. मला एकदम रडूच आलं. मान खाली घालून रोल नीट करत राहिलो.
संध्याकाळी वाढताना तिने विचारलं, हे किती दिवस आहे?
म्हटलं, प्रेझेंटर येईपर्यंत.