दाताला तार, हुरड्याला आमंत्रण

३ डिसेंबर १९७३, सोमवार

औरंगाबादला जाऊन दाताला तार बसवून आलो. बदनापुरात असा मी पहिलाच असणार. आजवर तीन ठिकाणी मुलगी पाहून आलो, तिन्हीकडून नकार. कारण एकच, पुढं आलेले दात. बाकी माझ्यात काय कमी हाये? भूगोलाचा मास्तर, स्वभाव मनमिळाऊ, कुठंबी गेलो की दोन-दोन तास सलग बोलू शकतो. डॉक्टर म्हणे दोन वर्षं लागतील. ते साध्या माणसाचं. माझं सव्वा महिन्यात होईल.

नियम: चिकट बंद, कडक बंद, जेवलं की ब्रश, मिठाच्या गुळण्या. तार टोचली तर तिच्यावर लावायला मेणाची डबी दिली. बिलकुल सोपं हाये.

४ डिसेंबर, सकाळी ६

आई गं.

४ डिसेंबर, संध्याकाळी

दुखून राह्यलंय, म्हंजे दात सरकून राह्यले. मायनं भाकर दुधात कुस्करून दिली. सातवीला सह्याद्री शिकवताना प्रत्येक ‘स’ला शिट्टी वाजली. वर्ग लई हसला. विषय रंगवून सांगितला की असं होतं.

१२ डिसेंबर

ब्रश राह्यला. शाळेत साहेब तपासणीला आल्ते. कालबी राह्यला. काल साहेब येणार होते.

१९ डिसेंबर

शेंगदाण्याची चिक्की खाल्ली. पण चावली न्हाई, फक्त चघळली. अर्धा तास. नियम मोडला असं म्हणता येत न्हाई.

२६ डिसेंबर

तार गालाला टोचून राह्यली. डबीतलं मेण संपलं. त्यासाठी औरंगाबादला कोण जातं? मेणबत्ती वितळवली, गोळ्या केल्या. मेण ते मेण. डॉक्टरला हे सुचलं कसं न्हाई?

७ जानेवारी १९७४

आमच्या शाळेतल्या अप्पारावांनी कुंभार पिंपळगावचं स्थळ आणलं. मुलगी शिवकन्या, बालवाडीत शिकवती. फोटो पाह्यला. मंग परत पाह्यला. शाळेत जाताना खिशात नेला. खरं लिहितो, या घरून नकार आला तर मला झेपणार न्हाई.

तिचे वडील रामराव म्हणे घरी पोहे काय खाता, येत्या रविवारी सरळ वावरात हुरड्यालाच या. झकास! बोलायला मोकळी जागा. ‘गोदावरीचं खोरं’ यावर बावीस मुद्दे काढले. अप्पाराव म्हणे, सर, थोडक्यात बोला. जळतो माणूस.

१३ जानेवारी, रविवार

संपलं सगळं.

गाल सोलला होता, म्हणून निघताना अख्ख्या मेणबत्तीचं मेण तारेवर दाबलं. वावरात आगटी पेटलेली. आमच्याकडं हुरडा ताटात मागून खात न्हाईत. यजमान गरम कणसं चोळतो आन् दाणे पाहुण्याच्या तळहातावर ओततो. हात मागं घेतला की माणूस रुसला. रामरावांनी दिला. त्यांच्या भावानं दिला. मुलीच्या मावशीनं वरून गुळाचा खडा दिला, तो खाल्ला का म्हणून उभी राह्यली, आन् दुसरा दिला.

मेण, गूळ, हुरडा, तोंडात सगळं एक झालं. गिळता येईना, थुंकता येईना. जबडाच उघडेना.

शिवकन्या समोर बसली. फोटोपेक्षा लई चांगली. पहिला मुद्दा काढायला गेलो तर नुसतं ‘हं’ निघालं. मंग तीच बोलली. बालवाडीतल्या पोरांचं, गाभण शेळीचं, तालुक्याला जाऊन पुढं शिकायचंय त्याचं. मी ‘हं’. परत ‘हं’. दीड तास. बावीसच्या बावीस मुद्दे पोटात राह्यले.

परत येताना विहिरीपाशी अप्पारावांनी ज्वारीच्या धांड्याच्या काडीनं गोळा उपसला. सोबत तारबी आली. मी रडलो. अप्पाराव म्हणे, सर, तोंड बंद करा, अजून रक्त येऊन राह्यलंय.

२० जानेवारी, रविवार

रामरावांचं पत्र अप्पारावांनी आणून दिलं. मुलगी पसंत म्हणती!

अंगणात उडी मारली. मायला उचललं. तिला कुणी उचलायची ही पहिलीच वेळ, लई शिव्या दिल्या तिनं. मंग पत्र परत वाचलं. तारेचा उल्लेख न्हाई. दातांचाबी न्हाई. मुलगी म्हणती, याआधी आलेले सगळे बोलूच देत नव्हते. हा माणूस मधी एक शब्द बोलला न्हाई, सगळं ऐकून घेतलं. असाच पाहिजे.

मायला विचारलं, म्हंजे आधीचे तीन नकार? माय भाकर थापत राह्यली.

गैरसमज दूर करावा म्हणून रामरावांना अकरा पानी उत्तर लिहिलं. मायनं ते चुलीत घातलं आन् अप्पारावांकडून एका ओळीचं लिहून घेतलं. लग्न वैशाखात.

उद्या तार परत बसवायला जातोय. मायबी संगं येती म्हणे. दोनाच्या जागी पाच वर्षं ठेवता येईल का, हे तिला डॉक्टरला विचारायचंय.